सोसायटीची बिलं पायथॉनमधून काढतोय – स्ट्रिंगा जोडत बसू की दुसरं काही? (आणि एक भुताटकी)

खजिनदार_नाइलाजाने | रवि, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी पेशाने प्रोग्रामर नाही, अकाउंट्सवाला आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला वीस मिनिटं उशिरा पोचलो एवढाच माझा गुन्हा, तोवर ४८ सदनिकांचं खजिनदारपद माझ्या नावावर एकमताने मंजूर झालं होतं. आधीचे काका एक्सेलमध्ये हाताने बिलं करायचे. मी कंटाळून पायथॉन शिकलो आणि आता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) वाचून प्रत्येक सदनिकेचं बिल म्हणून एक एचटीएमएल पान तयार होतं. ते ब्राउझरमध्ये उघडायचं, प्रिंट मारायची, संपलं.

पण कोड म्हणजे एफ-स्ट्रिंगांची (मजकुरात मध्येच किमती चिकटवायची पायथॉनची सोय) गोधडी झालीय. टीआर (टेबलाची ओळ) उघडा, टीडी (ओळीतला रकाना) उघडा, नाव चिकटवा, टीडी बंद करा, पुढचा टीडी उघडा... साडेतीनशे ओळी. मागच्या महिन्यात व्याजाची रक्कम वेगळी दाखवायला म्हणून थोडं हलवाहलव केली तर सेक्रेटरींची सही बिलाच्या खालून उठून टेबलाच्या डोक्यावर जाऊन बसली. कशी गेली देव जाणे. दोन तास शोधल्यावर कळलं की टेबल बंद करायचा टॅगच (एचटीएमएलमधली खूण) उडाला होता.

प्रश्न १: जाणकार लोक हे कसं करतात? टेम्प्लेट म्हणतात ते, की प्रत्येक टॅगचं फंक्शन करायचं असतं असंही एके ठिकाणी वाचलं, ते?

प्रश्न २, जो मला जास्त छळतोय: बिलात 'शेरा' म्हणून एक रकाना आहे. शेरे सेक्रेटरी टाइप करून देतात. काही बिलांवर शेरा छापला जातो आणि काहींवर रकाना कोरा. सीएसव्हीत शेरा आहे, डोळ्यांनी बघितलाय. उदाहरण देतो, दोन्ही फाइलमधून जसेच्या तसे चिकटवले आहेत:

१०२ चा शेरा: "<५०० बाकी, पुढच्या बिलात घेणे" – हा छापला जातो.
३०४ चा शेरा: "" – हा छापला जात नाही.

दोन्ही एकाच लूपमधून जातात. मग एकाला न्याय आणि दुसऱ्याला अन्याय का?

चहाबाज | रवि, रात्री ११:०५

पहिला नंबर माझा. वर्डमध्ये मेल मर्ज करा आणि झोपा.

तात्या_टेम्प्लेट | रवि, रात्री ११:३१

खजिनदारसाहेब, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. जिंजा (पायथॉनची टेम्प्लेट लायब्ररी) वापरा.

बिलाचं पान एका वेगळ्या फाइलीत साध्या एचटीएमएलसारखं लिहायचं, जिथे नाव यायला हवं तिथे दुहेरी महिरपी कंसात 'नाव' लिहायचं, आणि पायथॉनकडून फक्त डेटा द्यायचा. पान कसं दिसतं ते एका जागी, हिशेब दुसऱ्या जागी. उद्या सेक्रेटरी म्हणाले लोगो डावीकडे घ्या तर पायथॉनला हातही लावायचा नाही.

आणि तुमचा शेरा गायब होतोय कारण तुम्ही एस्केप करत नाहीये, म्हणजे खास चिन्हं नुसता मजकूर म्हणून दिसतील अशा संकेतांत बदलत नाहीये. 'पेक्षा कमी'चं चिन्ह एचटीएमएलमध्ये टॅग सुरू करतं. ते तसंच सोडलं की ब्राउझरला वाटतं टॅग आला, आणि तो पुढचं गिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, नुसतं जिंजा वापरलं तर ऑटोएस्केप मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं. फ्लास्कमधून (पायथॉनचं वेबसाइट बनवायचं साधन) वापरलं की एचटीएमएल फाइलींना आपोआप चालू होतं, जँगोत (तसंच दुसरं साधन) तर काही करावंच लागत नाही. तुम्ही नुसतं वापरणार, तेव्हा ऑटोएस्केप ट्रू लिहायला विसरू नका, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

खजिनदार_नाइलाजाने | रवि, रात्री ११:४४

तात्या धन्यवाद. पण एक शंका. गिळत असेल तर १०२ चा शेरा पण गिळायला हवा ना? त्यातही पहिलंच अक्षर 'पेक्षा कमी' आहे. तो तर ठणठणीत छापला जातो.

तात्या_टेम्प्लेट | रवि, रात्री ११:५०

हम्म. सोर्स बघावा लागेल. उद्या.

नीलाक्षी | सोम, सकाळी ८:१२

सोर्स नंतर, आधी हे सांगा की ३०४ चा शेरा काय आहे? तुमच्या पोस्टमध्ये अवतरणचिन्हं आहेत पण आत काहीच नाही.

सव्वानऊची_लोकल | सोम, सकाळी ९:२०

मलाही कोराच दिसतोय. सीएसव्हीतच कोरा असेल, कुणाचं काय तर कुणाचं काय.

पर्लपुरुष | सोम, सकाळी ९:४८

वा, हा विषय बघून तरुण झालो. २००० च्या आसपास पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो, तिथे सगळं सीजीआय (प्रोग्रामकडून वेबपान बनवून घ्यायची जुनी पद्धत). आमच्याकडे पर्ल भाषेचं सीजीआय-पीएम नावाचं मॉड्यूल होतं, लिंकन स्टाइन यांनी लिहिलेलं. त्यात एच-वन, टेबल, टीडी अशी फंक्शनंच होती. टेबलच्या कंसात ओळी, ओळीच्या कंसात टीडी. खजिनदारांनी जे "टॅगचं फंक्शन" वाचलंय ना, ते आम्ही तेव्हा करत होतो, आणि आताची पोरं तेच नवीन म्हणून सांगतात.

त्यातली एक गंमत. सगळे टॅग लहान अक्षरात, पण टेबलाच्या ओळीचा टीआर मात्र कॅपिटल टी ने लिहायचा. कारण पर्लमध्ये लहान टीआर हा आधीपासूनच अक्षरं बदलायचा ऑपरेटर आहे. नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात इथे आपटणार म्हणजे आपटणार. आम्ही मुद्दाम सांगायचो नाही.

पण खरं सांगू का, ती फंक्शनं शेवटी आम्हीच सोडून दिली. डिझायनर बाई एचटीएमएल बनवून द्यायच्या आणि मी ते फोडून फोडून फंक्शनात बसवायचो. त्यांनी एका शब्दाचा रंग बदलला की माझा अर्धा दिवस गेला. पुढे त्या मॉड्यूलच्या कागदपत्रांतही लिहून आलं की एचटीएमएल बनवायला हे वापरू नका, आणि २०१५ मध्ये पर्ल ५.२२ आलं तेव्हा अख्खं मॉड्यूलच गाभ्यातून बाहेर काढलं. तेव्हा फंक्शनवाल्यांनो, जरा दमानं.

कंसमामा | सोम, सकाळी १०:३०

पर्लचा अनुभव धरून अख्ख्या कल्पनेला फाशी देऊ नका. सीजीआय-पीएम मधली फंक्शनं शेवटी स्ट्रिंगच परत द्यायची. म्हणजे टीडी ने जे दिलं ते टेबलच्या दृष्टीने नुसता मजकूर. त्यातलं टॅग कुठलं आणि माणसाने लिहिलेलं कुठलं हे टेबलला कळायला मार्गच नाही. रोग तोच राहिला, फक्त पेहराव बदलला.

क्लोजर भाषेत हिकप म्हणून लायब्ररी आहे. तिथे पान म्हणजे नुसता डेटा. चौकोनी कंसात पहिला टॅगचं नाव, मग हवे तर ॲट्रिब्यूट (टॅगचे गुणधर्म), मग पोटातली मुलं (आतला मजकूर, आतले टॅग). त्या मुलांत पुन्हा तसेच कंस. फिरवा, गाळा, मोजा, नेहमीच्या फंक्शनांनी. स्ट्रिंग होते ती अगदी शेवटी, दारातून बाहेर पडताना. बंद करायचा टॅग विसरणं शक्यच नाही कारण तो तुम्ही लिहीतच नाही. खजिनदारांची सही उडाली ती इथे उडाली नसती.

चहाबाज | सोम, सकाळी १०:३४

नावच कंसमामा, हे दुसरं काय सांगणार.

तात्या_टेम्प्लेट | सोम, सकाळी ११:०२

मामा, हिकपची पहिली आवृत्ती आपोआप एस्केप करत नव्हती हे पण सांगा की. शेरा तिथेही गिळला गेला असता. ते दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त झालं.

कंसमामा | सोम, सकाळी ११:१५

मान्य. तिथे आम्ही खाल्ली माती. पण दुरुस्त *होऊ शकलं* ते रचना डेटाची होती म्हणूनच. एकदा का सगळ्याची स्ट्रिंग झाली की नंतर कितीही हुशार माणूस आणा, त्याला ओळखता येणार नाही. पुरणपोळी लाटून झाल्यावर पुरण वेगळं काढून दाखवा.

नीलाक्षी | सोम, दुपारी १:४०

लंच ब्रेक आहे म्हणून लिहिते. टेम्प्लेट विरुद्ध फंक्शन हे भांडण रिॲक्टने (फेसबुकची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बरंचसं बाजूला ठेवलं. त्यातलं जेएसएक्स दिसतं एचटीएमएलसारखं, पण आतून ती फंक्शन कॉलच असतात. ही कल्पना फेसबुकने आधी पीएचपीसाठी २०१० मध्ये एक्सएचपी नावाने काढली होती, रिॲक्ट २०१३ मध्ये खुलं झालं. तिथे तुम्ही स्ट्रिंग दिली की ती मजकूरच राहते, टॅग होत नाही. जाणूनबुजून कच्चं एचटीएमएल घुसवायचं तर जे लिहावं लागतं त्याचं नावच डेंजरसली सेट इनर एचटीएमएल असं ठेवलंय. टाइप करतानाच हात थबकावा, कोड रिव्ह्यूत लांबून दिसावं.

आणि पर्लपुरुष, तुमचा कॅपिटल टी आमच्याकडे पण आहे बरं. क्लास हा जावास्क्रिप्टचा राखीव शब्द म्हणून क्लासनेम, फॉर राखीव म्हणून एचटीएमएलफॉर.

पण ४८ बिलांसाठी रिॲक्ट म्हणजे डास मारायला तोफ. मी खजिनदारांना ते सुचवत नाहीये, उगाच माझ्यावर धावून येऊ नका.

पर्लपुरुष | सोम, दुपारी २:०५

म्हणजे पंधरा वर्षांनी पण तीच ठेच आणि तोच दगड 😀

बे_एरियातला_बंड्या | सोम, दुपारी २:३०

इथे मध्यरात्र उलटलीय पण धागा वाचून झोप उडाली.

खजिनदार, स्वतःचं फंक्शन लिहायला वीसेक ओळी पुरतात, मी एकदा लिहिलंय. टॅगचं नाव, ॲट्रिब्यूटची डिक्शनरी, पोटातली मुलं. मूल साधी स्ट्रिंग असेल तर एस्केप करा. मूल आपल्याच फंक्शनने बनवलेलं असेल तर हात लावू नका. त्यासाठी आपल्या आउटपुटचा एक वेगळा टाइप करायचा, साधी स्ट्रिंग नाही. मार्कअपसेफ नावाचं पॅकेज हेच करतं, जिंजा आतून तेच वापरतो. बाकी डॉमिनेट, एचटीपाय वगैरे तयार लायब्ऱ्या आहेत.

मी जिथे आपटलो त्या जागा सांगतो. एक म्हणजे बीआर, एचआर, आयएमजी, इनपुट असे तेरा टॅग आहेत ज्यांना पोट नसतं, ते बंद करायचे नसतात. मी आधी सरसकट सगळे बंद करत होतो. बीआर चा बंद टॅग लिहिला की ब्राउझर तो फेकून देत नाही, त्याचा आणखी एक बीआर करतो. सगळीकडे दुप्पट अंतर. दुसरं, डिसेबल्ड ला फॉल्स दिलं आणि माझ्या फंक्शनने इमानदारीत अवतरणात फॉल्स असं छापलं. ब्राउझरच्या लेखी डिसेबल्ड हा शब्द नुसता हजर असणं पुरे, किंमत काय आहे हे तो बघतच नाही. अख्खा फॉर्म मेलेला, आणि मी सोर्समध्ये "डिसेबल्ड फॉल्स" वाचून म्हणतोय बरोबर तर आहे! ट्रू असेल तर नुसतं नाव छापा, फॉल्स किंवा नन असेल तर काहीच नको. आणि इनपुट टॅगसाठी इनपुट नावाचं फंक्शन केलं, त्याने पायथॉनचं मूळ इनपुट झाकलं गेलं. तो किस्सा नको, वय झालंय.

सव्वानऊची_लोकल | सोम, सायं ६:५५

सहीचा किस्सा वाचून उत्सुकता लागली म्हणून ट्रेनमध्ये वाचून काढलं. सही टेबलाच्या वर का गेली याचं चक्क नियमपुस्तकात उत्तर आहे. टेबल उघडं असताना मध्येच टेबलात न शोभणारी गोष्ट आली, म्हणजे साधा परिच्छेद वगैरे, तर ब्राउझरने ती उचलून टेबलाच्या *आधी* ठेवायची असा नियम आहे. त्याला फॉस्टर पेरेंटिंग म्हणतात. म्हणजे सेक्रेटरींची सही दत्तक गेली होती.

चहाबाज | सोम, सायं ७:०१

सेक्रेटरींना कळवा, बारसं करा.

गोदाकाठ | सोम, रात्री ९:१५

मराठी मजकूर असेल तर एस्केपिंगची वेगळीच गंमत असते, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही २०१० च्या सुमारास एका वाचनालयाची पीएचपी साइट करत होतो. मी शहाणपणाने सगळीकडे एचटीएमएल-एंटिटीज हे फंक्शन लावलं, ते चिन्हांच्या जागी एंटिटी म्हणजे एचटीएमएलचे संकेत घालतं. पान उघडलं तर पुस्तकांच्या नावांच्या जागी रांगेने तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला इंग्रजी ए, त्यापुढे चार पाय फुटलेला गोल, पुन्हा ए, पुन्हा गोल. ग्रंथपाल बाई म्हणाल्या हे कोणत्या भाषेतलं पुस्तक?

झालं असं की पीएचपी ५.४ येईपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, ते फंक्शन न सांगता लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट देणारी जुनी पद्धत) धरून चालायचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं. त्याने प्रत्येक बाइट सुटा पकडला आणि त्याची एंटिटी केली. देवनागरीच्या बहुतेक अक्षरांचे पहिले दोन बाइट तेच ते, म्हणून तीच दोन चिन्हं रांगेने. खरं तर एस्केप करायची असतात मोजून पाच चिन्हं – पेक्षा कमी, पेक्षा जास्त, अँड, दुहेरी अवतरण, एकेरी अवतरण. बाकी अक्षरांना हात लावायचं कारणच नाही.

त्या पाचांतही क्रम आहे. अँड सगळ्यात आधी. मी उलटं केलं होतं, त्यामुळे आधी बनवलेल्या एंटिटीतला अँड पुन्हा एस्केप झाला आणि पानावर "&एलटी;" अशी अक्षरंच दिसायला लागली.

मुक्तछंदी | सोम, रात्री ९:४०

गोदाकाठ +१. माझीही एक भर. एका ठिकाणी मजकूर स्वच्छ करणारं फंक्शन होतं, ते "न दिसणारी घातक अक्षरं" काढून टाकायचं. त्यात झीरो विड्थ जॉइनर (जोडाक्षराचं रूप ठरवणारं न दिसणारं अक्षर) पण गेला. कऱ्हाडे आडनाव ज्यांनी जॉइनर वापरून टाइप केलं होतं ते सगळे कर्हाडे झाले. नुक्तावाला ऱ वापरलेले वाचले. एकाच घरातले दोन भाऊ, एक कऱ्हाडे आणि एक कर्हाडे.

शुद्धलेखन_पोलीस | सोम, रात्री ९:४२

यात सॉफ्टवेअरचा दोष फार मानू नये, माणसंही तसंच लिहितात.

मुक्तछंदी | सोम, रात्री ९:४५

माणूस स्वतःचं आडनाव तरी बरोबर लिहितो हो.

एक_शंकासुर | सोम, रात्री १०:१०

एवढं सगळं कशाला? एस्केपिंग, एक्सएसएस (पानात परका कोड घुसवणं) हे बँकांच्या साइटसाठी. सोसायटीच्या बिलात कोण हॅकर येणारे? शेरा सेक्रेटरी लिहिणार, वाचणार खजिनदार.

नीलाक्षी | सोम, रात्री १०:३२

हॅकर लागतोच कशाला? शेरा गायब झालाय तो कुठल्या हॅकरने केला? माणूस साधा मजकूर लिहितो आणि आपण तो टॅगांच्या भाषेत न भाषांतरता कोंबतो, एवढंच झालंय. हॅकर त्याच फटीतून येतो पण फट त्याने पाडलेली नसते.

२००५ ची मायस्पेसची गोष्ट बघा. सॅमी कामकार नावाच्या पोराने आपल्या प्रोफाइलमध्ये कोड घातला, जो बघेल त्याच्या प्रोफाइलमध्ये तोच कोड उतरायचा. एका दिवसाच्या आत दहा लाखांवर लोक त्याचे 'मित्र' झाले. मायस्पेस गाळणी लावत होतं हो, जावास्क्रिप्ट हा शब्दच ते काढून टाकायचे. त्याने शब्दाच्या मध्ये ओळ तोडली. गाळणीला तो शब्द दिसला नाही, काही ब्राउझरांना दिसला. म्हणून वाईट शब्द शोधून काढणं हा धंदाच चुकीचा, मजकूर मजकूर म्हणूनच छापायचा.

बे_एरियातला_बंड्या | सोम, रात्री १०:५०

आणि जागा बदलली की नियम बदलतो हे पण. दुवा देताना तो जावास्क्रिप्ट-कोलनने सुरू होत असेल तर पाचही चिन्हं एस्केप करून काडीचा फायदा नाही, त्यात ती चिन्हं असण्याची गरजच नसते. स्क्रिप्ट टॅगच्या आत तर एंटिटी उलगडल्याच जात नाहीत. गो भाषेचं एचटीएमएल टेम्प्लेट पॅकेज हे ओळखतं, आपण ॲट्रिब्यूटमध्ये आहोत की दुव्यात की स्क्रिप्टमध्ये ते बघून त्या त्या प्रकारे एस्केप करतं. मला ते टेम्प्लेटवाल्यांपैकी सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पायथॉन ३.१४ मध्ये टी-स्ट्रिंग आल्यात, त्या एफ-स्ट्रिंगसारख्याच दिसतात पण लगेच चिकटून एक होत नाहीत, आपला मजकूर आणि आत घातलेल्या किमती वेगळ्या हातात देतात. खजिनदारांची गोधडी कदाचित त्याच शिलाईत निस्तरता येईल.

एक_शंकासुर | सोम, रात्री ११:०४

ठीक आहे ठीक आहे. पण प्रिंट काढताना दुसऱ्या पानावर टेबलाचं शीर्षक येत नाही त्याचं काय करायचं ते कुणी सांगेल का, माझा तो प्रश्न आहे.

गोदाकाठ | सोम, रात्री ११:०९

शीर्षकाची ओळ टीहेड या टॅगमध्ये टाका, ब्राउझर छापताना प्रत्येक पानावर आपोआप घेतो. असे प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारा.

खजिनदार_नाइलाजाने | मंगळ, सकाळी ७:३०

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, निम्मे कळले. पण ३०४ चं गूढ तसंच आहे. नीलाक्षीताई, तुम्ही म्हणालात पोस्टमध्ये शेरा नाही, पण मी चिकटवला होता हो! पुन्हा चिकटवतो, हा घ्या: ""

आता बघतो तर परत गेला. हे काय चाललंय?

सव्वानऊची_लोकल | मंगळ, सकाळी ९:१८

आता मलाही भीती वाटायला लागली.

वाचनमात्र_मंदा | मंगळ, सकाळी ११:४५

सहा वर्षांत पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी कॉलेजात वेब टेक्नॉलॉजी शिकवते.

खजिनदारसाहेब, तुमचा शेरा तुमच्या बिलातून जसा गायब होतोय तसाच इथूनही होतोय. बहुतेक ही साइटही तेच करतेय जे तुमचा प्रोग्राम करतोय. चिकटवू नका, शब्दांत सांगा. ३०४ च्या शेऱ्यात 'पेक्षा कमी' या चिन्हाला अगदी लागून पुढचं अक्षर कोणतं आहे? मराठी की इंग्रजी?

खजिनदार_नाइलाजाने | मंगळ, दुपारी १२:०२

शेरा असा आहे: आधी पेक्षा कमीचं चिन्ह, त्याला लागून इंग्रजीत कॅपिटल आर, लहान एस, मग जागा सोडून ५००, मग मराठीत 'बाकी, पुढच्या बिलात घेणे'. सेक्रेटरी कधी रुपये लिहितात कधी आरएस, त्यांचा मूड.

वाचनमात्र_मंदा | मंगळ, दुपारी १२:३०

मग झालं. ब्राउझर पेक्षा कमीचं चिन्ह दिसलं की लगेच टॅग मानत नाही, पुढचं एक अक्षर बघतो. पुढे ए ते झेड पैकी अक्षर असेल तर टॅग सुरू. तिरकी रेघ, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्हालाही वेगळे अर्थ आहेत. पुढे अंक असेल, जागा असेल किंवा देवनागरी अक्षर असेल तर तो म्हणतो हे साधं चिन्हच आहे, आणि मुकाट्याने छापतो. म्हणून १०२ चा शेरा वाचला, चिन्हापुढे अंक होता. ३०४ मध्ये पुढे इंग्रजी आर आला. ब्राउझरने "आरएस" नावाचा टॅग सुरू केला, ५०० आणि बाकी वगैरे त्याचे ॲट्रिब्यूट समजला, आणि पहिलं 'पेक्षा जास्त' चिन्ह येईपर्यंत खात सुटला. ते चिन्ह होतं तुमच्या बंद टीडीचं शेवटचं. म्हणजे शेरा गेला, बंद टीडीही गेला. पण पुढचा टीडी उघडला की आधीचा आपोआप बंद होतो, म्हणून टेबल मोडलं नाही, नुसता एक रकाना कोरा दिसला. टेबल मोडलं असतं तर तुम्हाला पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

पान उघडून राइट क्लिक करून व्ह्यू सोर्स बघा, शेरा तिथे जिवंत असेल. आजच्यापुरतं करायचं तर पायथॉनच्या एचटीएमएल मॉड्यूलमधलं एस्केप हे फंक्शन नाव, शेरा, सगळ्या बाहेरून आलेल्या गोष्टींना लावा. पाचही चिन्हं तेच सांभाळतं.

चहाबाज | मंगळ, दुपारी १२:३४

थोडक्यात, सेक्रेटरींनी शुद्ध मराठीत "रु." लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. मायमराठीचा विजय असो.

शुद्धलेखन_पोलीस | मंगळ, दुपारी १२:३६

मी कालपासून काय सांगतोय!

तात्या_टेम्प्लेट | मंगळ, दुपारी १:१०

मंदाताई, दंडवत. वीस वर्षं टेम्प्लेटं लिहितोय, चिन्हापुढचं अक्षर बघतात हे मला माहीत नव्हतं. आम्ही डोळे मिटून एस्केप करतो त्यामुळे कधी गरजच पडली नाही.

कंसमामा | मंगळ, दुपारी १:२२

खजिनदार, आज एस्केप लावा. पण ते आठवणीने लावावं लागतं, हीच तर गोची आहे. शेऱ्याला लावाल, नावाला लावाल, पुढच्या वर्षी वाहन क्रमांकाचा रकाना वाढवाल आणि तिथे विसराल. बंड्याचं वीस ओळींचं फंक्शन घ्या.

तात्या_टेम्प्लेट | मंगळ, दुपारी १:२५

किंवा जिंजा घ्या, ऑटोएस्केप चालू करून. त्यांच्यानंतर जो खजिनदार होईल त्याला पान कुठे बदलायचं ते निदान दिसेल. फंक्शनात फंक्शन बघून तो पद सोडून पळेल.

कंसमामा | मंगळ, दुपारी १:२६

पळू देत, यांच्याही गळ्यात असंच पडलं होतं.

खजिनदार_नाइलाजाने | गुरु, रात्री ११:२०

उशिरा अपडेट. आधी व्ह्यू सोर्स बघितलं, शेरा तिथे होता, जसाच्या तसा. अंगावर काटा आला. मंगळवारी रात्रीच एस्केप लावलं, बिलं पुन्हा काढली, सगळे शेरे आले.

मग दोन्ही करून बघितलं. बंड्याच्या सांगण्यावरून फंक्शन लिहिलं, माझं सत्तावीस ओळींत झालं, बिलाच्या टेबलाला ते मस्त बसलं कारण तिथे सगळे लूपच आहेत. पण वरचा लेटरहेड, नोंदणी क्रमांक, खालच्या सूचना (पार्किंग, पाण्याच्या टाकीची सफाई) हे फंक्शनात लिहिताना जीव गेला, ते वाचून दाखवलं तर सेक्रेटरींना काही कळेना. म्हणून ते जिंजात ठेवलंय आणि मधल्या टेबलाची जागा सोडलीय. तिथे टेबल घातलं तर ऑटोएस्केपने ते पण एस्केप करून टॅगच छापले! मग बंड्याने सांगितलेला मार्कअपसेफचा टाइप परत दिला तेव्हा बसलं. मामा आणि तात्या दोघांनीही रागवावं अशी खिचडी आहे, पण साडेतीनशेच्या एकशे दहा ओळी झाल्यात.

सही खालीच आहे.

फक्त एक नवीन भानगड झालीय. ३०४ वाल्यांचा आज फोन आला. तीन महिने बिलावर काही नव्हतं, आता हे ५०० रुपये अचानक कुठून काढले, लेखी खुलासा द्या म्हणतात. विषय पुढच्या सभेत घेणार आहेत.

चहाबाज | गुरु, रात्री ११:२४

या वेळी वेळेवर पोचा.